ओव्हाळ मॅडमचे पाच 'का'

आमच्या कासारवाडीच्या शाळेत मूल्यशिक्षणाचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांना मिळालेलं आंदण, अशी सगळ्यांची समजूत होती. सगळ्यांची म्हणजे मुख्यतः माझी. वेळापत्रकात नववी 'ब'चा बुधवारचा शेवटचा तास 'मूल्यशिक्षण' असा छापलेला असे आणि प्रत्यक्षात त्या तासाला मी बहुपदींचे अवयव पाडत असे. मुलांची तक्रार नव्हती, संस्थेची नव्हती, पालकांची तर नव्हतीच. भोसरी-चाकणला तीन पाळ्यांत राबणाऱ्या आईबापांना पोरांच्या गणिताची धास्ती असते. मूल्यं काय, घरात असतातच, असं ते धरून चालतात.

मग मिनल ओव्हाळ आल्या. इतिहास शिकवायला, तासिका तत्त्वावर. म्हणजे दर जूनला नव्यानं नेमणूक आणि दर एप्रिलला नव्यानं धाकधूक. पहिल्याच आठवड्यात त्या शिक्षकखोलीत माझ्यासमोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "जयसिंग सर, बुधवारचा शेवटचा तास माझ्या नावावर आहे."

"घ्या की," मी म्हटलं. "छान गोष्टीबिष्टी सांगा. पोरं पेंगतील, तेवढाच त्यांना आराम."

"गोष्टी नाही सांगणार, सर."

एवढंच बोलून त्या गेल्या. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो, हे शाळेत भिंतींनाही ठाऊक आहे. पण ह्या बाईंनी मला रागवायला जागाच ठेवली नाही. बुटकेली मूर्ती, खांद्याला कापडी पिशवी, आवाज असा की दुसऱ्या बाकावर ऐकू यायची मारामार. मी मनात म्हटलं, नववी 'ब' हिला चार दिवसांत फाडून खाईल.

नववी 'ब' माझा वर्ग. दुसऱ्या बुधवारी मी मुद्दामच त्या मजल्यावरच्या व्हरांड्यात रेंगाळलो. आरडाओरडा सुरू झाला की आत शिरायचं आणि वर्ग ताब्यात घ्यायचा, असा माझा परोपकारी बेत होता. आत मॅडमनी फळ्यावर एकच वाक्य लिहिलं होतं. खोटं बोलू नये. त्याखाली लिहिलं होतं, का?

"पकडले जातो म्हणून," एक पोरगा म्हणाला. वर्ग हसला.

"आणि पकडलं गेलं नाही तर?"

"तरी नको. समोरच्याला वाईट वाटतं."

"त्याला कधी कळलंच नाही तर? वाईट कसं वाटेल?"

पोरं डोकी खाजवू लागली. खरं सांगायचं तर मलाही उत्तर येत नव्हतं, आणि लहानपणापासून मी ते वाक्य ऐकत आलो होतो, पुढं स्वतः सांगतही आलो होतो. मॅडमनी उत्तर दिलं नाही. त्या नुसत्या खडू हातात धरून उभ्या राहिल्या. मी असतो तर एवढ्यात दोनदा ओरडलो असतो. शेवटी निशिगंधा नावाची मुलगी उभी राहिली. माझ्या तासाला ही पोर खिडकीबाहेर बघत बसायची.

"मॅडम, त्यानं काय करायचं ते त्यानं ठरवायचं असतं ना? आपण खोटं सांगितलं की त्याच्या वतीनं आपणच ठरवून टाकतो. आणि त्याला वाटत राहतं, की मीच ठरवलं."

हे पोरीला कुणी सांगितलं नव्हतं. कुठल्याही पुस्तकात ते वाचून ती आली नव्हती. ते तिथं, त्या गळक्या छताच्या खोलीत, माझ्या कानांदेखत जन्माला आलं होतं. मी अवयव पाडण्याचा बेत सोडून खाली आलो.

त्यानंतर दर बुधवारी पेपर तपासायच्या निमित्तानं मी नववी 'ब'च्या मागच्या बाकावर जाऊन बसायला लागलो. पेपर तपासून व्हायचे नाहीत, ही गोष्ट वेगळी.

हे 'का'चं प्रकरण त्यांनी कुठून आणलं, ते मी एकदा चहा पिताना विचारलं. मला वाटलं, एखाद्या परदेशी तत्त्ववेत्त्याचं नाव ऐकवतील. त्या म्हणाल्या, "पप्पांच्या कंपनीतून."

त्यांचे वडील ज्ञानदेव ओव्हाळ चाकणच्या एका कारखान्यात जुळणीच्या लाइनवर होते. तिथं माल खराब निघाला की साहेब लोक कामगारांना घेऊन बसायचे आणि 'व्हाय-व्हाय' करायचे. भोक वाकडं का पडलं? पकड ढिली होती म्हणून. पकड ढिली का? आटा झिजला होता म्हणून. आटा झिजलेला कुणाला का दिसला नाही? असं पाच वेळा 'का' विचारत मुळाशी जायचं. ह्या पट्ट्यातल्या घराघरात हा शब्द माहीत आहे. मुलं भांडतानासुद्धा 'तुझं व्हाय-व्हाय करू का' असा दम देतात. पण ज्ञानदेवराव ते घरी घेऊन आले. मिनलच्या हातून काचेचा ग्लास फुटला की ते ओरडायचे नाहीत, समोर बसवून पाच वेळा 'का' विचारायचे.

"मार परवडला असता, सर," त्या हसून म्हणाल्या. "पण त्यात एक नियम होता. शेवटच्या उत्तरात माणसाचं नाव आलं, तर कंपनीत कागद परत पाठवायचे. 'अमुकनं चुकी केली' हे उत्तरच नाही. माणूस दमतो, विसरतो, घाई करतो. त्याच्यावर बोट ठेवलं की सगळे मोकळे होतात आणि चूक तिथंच राहते. मला लहानपणी ह्या नियमाचा केवढा आधार वाटायचा."

तो नियम त्यांनी नववी 'ब'लाही शिकवला. पोरांना तो फार आवडला, आणि का आवडू नये? आमच्या शाळेत काही बिघडलं की आधी कुणाचं तरी नाव पुकारायची पद्धत होती.

त्या तासाची आणखी एक ख्याती झाली. शाळा सुटल्याची घंटा झाली तरी नववी 'ब' उठायची नाही. शाळा सुटायची वाट बघत दप्तरं आवळून बसणारी पोरं, पण बुधवारी त्यांना घंटा ऐकूच यायची नाही. ऐकू आलीच तर मॅडम हात वर करून म्हणायच्या, "बसा, हिचं वाक्य पुरं होऊ दे." मग आमचे शिपाई दत्तोबा जिने चढून वर यायचे आणि दारावर टकटक करायचे. त्याच खोलीत दुपारच्या सत्रातली पाचवी बसायची, तिला खोली मोकळी करून द्यावी लागे. दत्तोबा मूळचे मावळातले, मोठे सोशिक. दारात उभे राहून म्हणायचे, "चला लेकरांनो, उरलेलं पुढल्या बुधवारी." शिक्षकखोलीत आम्ही कौतुकानं सांगायचो, की घंटा झाल्यावर मुलं बसून राहतात असा तास पिंपरी-चिंचवडात दुसरा दाखवा. मी तर हिंजवडीला आयटीत असलेल्या माझ्या मेव्हण्यालाही ऐकवलं होतं.

अशाच एका बुधवारी, सकाळचं सत्र सुटायच्या वेळी, खोली मोकळी व्हायची वाट बघणारा पाचवीतला धनेश नावाचा मुलगा फाटकातून धावत रस्त्यावर गेला आणि मालाच्या टेम्पोची धडक बसून त्याचा पाय मोडला. जिवावरचं पायावर निभावलं. पण आमच्या शाळेसमोरचा रस्ता म्हणजे एमआयडीसीकडे जाणाऱ्या गाड्यांची रांग. काय होऊ शकलं असतं, ह्या विचारानं सगळ्यांची पाचावर धारण बसली. सुटायच्या वेळी फाटकावर उभं राहायचं काम दत्तोबांचं. दत्तोबा जागेवर नव्हते. धनेशच्या आईनं, जयमालानं, भर फाटकात त्यांचा उद्धार केला आणि संस्थेकडे तक्रार दिली. संस्थेचे अध्यक्ष बबनराव. त्यांनी दत्तोबांना बोलावून घेतलं, दोन प्रश्न विचारले, आणि घरी बसवलं. महिनाअखेर काढूनच टाकणार, हे नक्की होतं.

पुढच्या बुधवारी नववी 'ब' खवळलेली होती. दत्तोबा त्यांचे लाडके. "मॅडम, आज आपण दत्तोबांचं करू," पोरांनी गिल्ला केला. मॅडमही दत्तोबांसाठी तळमळत होत्या. संस्थेला कुणाचं तरी नाव हवं होतं आणि गरिबाचं नाव स्वस्तात मिळालं, असं त्या आठवडाभर म्हणत होत्या. त्यांनी खडू उचलला. मी मागच्या बाकावर पेपर उघडून बसलो.

"धनेशला टेम्पो का लागला?"

"तो एकटाच रस्त्यावर गेला."

"का जाऊ शकला?"

"फाटकावर कुणी नव्हतं."

"दत्तोबा तिथं का नव्हते?"

"वर आले होते."

मॅडमनी ते लिहिलं. 'वर आले होते.' लिहून होताना त्यांचा हात जरासा रेंगाळला, की मला तसं वाटलं, कोण जाणे. "का आले होते?" त्यांनी विचारलं, पण आवाज नेहमीपेक्षा खाली होता.

मागून कुणीतरी पुटपुटलं, "आपल्याला उठवायला."

वर्गातली सगळी पोरं एकाच वेळी मॅडमकडे बघायची थांबली. कुणी बाकाकडे बघू लागलं, कुणी छताकडे. त्या दिवशी मी इथंच बसलो होतो. दत्तोबांची टकटक मी ऐकली होती, मॅडमचा वर गेलेला हात पाहिला होता, आणि दत्तोबा दारात ताटकळत उभे असलेलेही पाहिले होते. मग खालून किंकाळ्या आल्या आणि पुढच्या धावपळीत हे आम्हा कुणाच्या ध्यानातच राहिलं नाही. मॅडमच्याही नाही. दुपारच्या सत्राला कामाला येणाऱ्या मावशी एव्हाना फाटकावर आल्या असतील, असं त्या धरून चालल्या होत्या.

निशिगंधा ताडकन उभी राहिली. "सकाळी शिपाई एकच आहे म्हणून, मॅडम! दोन असते तर एक वर आला असता, एक खाली राहिला असता."

"हो, हो, एकच आहे!" वर्गानं सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. उत्तर बरोबर होतं. खोटं अजिबात नव्हतं. कुठल्याही कंपनीनं शिक्का मारून घेतलं असतं. मॅडमनी लिहिलं, 'शिपाई एकच.' मग त्या दोन पावलं मागे सरल्या आणि सगळा फळा वरपासून खालपर्यंत वाचला.

"आणि तुम्हाला उठवायला त्यांना यावं का लागलं?"

निशिगंधा अजून उभीच होती.

"मॅडम," निशिगंधाचा आवाज रडवेला झाला होता, "माणसाचं नाव लिहायचं नसतं. तुम्हीच सांगितलंय. कागद परत येतो."

"बरोबर सांगितलंय. पण तो नियम दुसऱ्याचं नाव लिहिणाऱ्यासाठी आहे, निशिगंधा. आपलं स्वतःचं नाव लिहायला कुणाचीच आडकाठी नाही."

आणि त्यांनी त्यांच्या त्या बारीक, गोल अक्षरात लिहिलं, 'मिनल ओव्हाळ यांनी घंटा ऐकूनही वर्ग सोडला नाही.'

पूर्णविराम नीट दिला. मी फळ्यावर लिहिण्यात उभा जन्म घालवला आहे. एवढं अवघड वाक्य मी कुठल्याच फळ्यावर पाहिलेलं नाही. मला त्या क्षणी त्या बुटकेल्या बाईंपुढं उभं राहावंसं वाटलं, आणि मी खरोखरच उभा राहिलो. पेपर खाली पडले. कुणी हसलं नाही.

त्या दिवशी घंटा व्हायच्या आत वर्ग सुटला. मी जिन्यातच त्यांना गाठलं. "हे बघा, इथंच थांबा. 'शिपाई एकच' हे घेऊन बबनरावांकडे जाऊ, मी येतो बरोबर. दत्तोबाही सुटतील आणि तुम्हीही."

"तेही सांगणारच आहे, सर. पण आधी माझं."

"तुमच्या कायम नेमणुकीचा प्रस्ताव त्यांच्याकडे पडलाय!"

"माहीत आहे," त्या म्हणाल्या, आणि चालू लागल्या. माझ्या संतापाला त्यांनी वाटाण्याच्या अक्षता लावल्या.

बबनरावांनी सगळं ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, पण संस्था चालवून चालवून त्यांना नको ते ऐकू न येण्याची सवय झालेली आहे. ते म्हणाले, "मॅडम, तुमचा प्रस्ताव ह्या टेबलावर हाय. ह्या महिन्यात पुढं जायचा. आता तुमी जे बोललात, ते मी ऐकलंच न्हाई असं समजू का?"

"ऐकलं असंच समजा," ओव्हाळ मॅडम म्हणाल्या.

तो प्रस्ताव त्या टेबलावरून आजतागायत हललेला नाही, हे इथंच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला वाटायला नको की चांगुलपणाला लगेच बक्षीस मिळालं. बबनराव बराच वेळ पेपरवेट फिरवत बसले. शेवटी म्हणाले, "दत्तोबाचं माझ्या हातात न्हाई. तक्रार त्या पोराच्या आईची हाय. तिनं मागं घेतली तर ठेवतो. न्हाईतर आमच्या मागं कोर्टकचेरी."

आम्ही तसेच जयमालाच्या घरी गेलो. रेल्वे रुळांच्या अलीकडे एका इमारतीत वरच्या मजल्यावर तिची खोली. नवरा हिंजवडीला कंपनीची कॅब चालवतो, तो ड्युटीवर होता. ती परभणीकडची, घरीच शिलाईकाम करते. धनेश पायाला प्लास्टर घालून कॉटवर मोबाइल बघत पडला होता. मॅडमनी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. आडवळण नाही, 'पण' नाही, 'खरं म्हणजे' नाही.

जयमालाच्या चेहऱ्याचा रंग बदलला. "तुमच्या गप्पांपायी माझ्या लेकराचा पाय मोडला?"

"हो."

मी तोंड उघडणार होतो. त्या गप्पा नव्हत्या हो, ते काय होतं तुम्हाला सांगतो, असं काहीतरी. मॅडमनी माझ्याकडे नुसतं पाहिलं आणि माझी बोलती बंद झाली. जयमाला बोलत राहिली. जे बोलली ते इथं लिहीत नाही, कुठलीही आई बोलली असती तेच होतं. मॅडमनी ते सगळं ऐकून घेतलं, खाली मान घालून नव्हे, तिच्याकडे बघत. मला ते बघवेना. मी धनेशच्या प्लास्टरवरची चित्रं बघत बसलो.

मग ती एकदम थांबली. मशीनपुढच्या स्टुलावर बसली.

"आणि त्या म्हाताऱ्याला म्या काय काय बोलले," ती हळू आवाजात म्हणाली. "सगळ्या पोरांदेखत. त्याच्या मेलेल्या मायपर्यंत गेले. त्यानं वर तोंड करून पाहिलं नाही." तिनं पदरानं तोंड पुसलं. "बोललेलं माघारी कसं घ्यावं, ते शिकवता का हो तुमच्या शाळेत?"

मी मॅडमकडे पाहिलं. आता काहीतरी ऐकण्यासारखं बोलतील, असं मला वाटलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "मलाच येत नाही. मी त्यांच्याकडे निघालेय. तुम्ही येता?"

जयमालानं शेजारणीला धनेशजवळ बसवलं. निघताना बबनरावांना फोन लावला आणि एका दमात सांगितलं, की माझी तक्रार मी माघारी घेतली, त्या दत्तोबाला कामावर घ्या. पलीकडून काय बोलणं झालं कळलं नाही, पण ती म्हणाली, "हाव, माझ्या तोंडानं सांगायलेय," आणि फोन ठेवला. मॅडमच्या स्कूटीवर मागं ती बसली. मी माझ्या मोटारसायकलवरून मागोमाग. गर्दीतून त्या दोघी पुढं जाताना मला दिसत होत्या. आत्ताच जिला शब्दांनी झोडपून काढलं, तिच्याच खांद्याला धरून जयमाला बसली होती. हे दृश्य मी कसं विसरू?

दत्तोबा दिघीला राहतात, लष्कराच्या हद्दीच्या भिंतीला लागून असलेल्या वस्तीत. ते उंबऱ्यात बसून ताटात ओल्या हरभऱ्याचे घाटे सोलत होते. आम्हाला बघून गडबडीनं उठायला लागले. जयमालानं पुढं होऊन हात जोडले.

"पोराचा पाय कसा हाय?" दत्तोबांनी विचारलं.

ती तिथंच खाली बसली आणि रडायला लागली. आम्ही तिला रडू दिलं. फोनचं मी सांगितलं, तक्रार मागं घेतलीय, आता कामावर या म्हणून. दत्तोबांनी नुसती मान हलवली. मग मॅडम त्यांच्याजवळ पायरीवर बसल्या.

"दत्तोबा, तुम्ही आम्हाला उठवायला वर आला होतात. माझ्यामुळं दारात ताटकळलात. बबनरावांना हे का नाही सांगितलंत? माझं नाव घ्यायचं होतं."

"तुमचं नाव झाकायचं म्हणून न्हाई, मॅडम. खोटं कशाला बोलू?" दत्तोबा घाट्यांकडे बघत म्हणाले. "मला कुणी इचारलंच न्हाई. 'फाटकावर व्हतास का?' म्हणले. म्हणलं, न्हवतो. 'तुजं काम व्हतं का ते?' म्हणले. म्हणलं, व्हय. झालं. का न्हवतास, हे कुणीबी इचारलं न्हाई. सायबांनी न्हाई, मास्तर लोकांनी न्हाई, कुणीच न्हाई."

ओव्हाळ मॅडमनी डोळे मिटून घेतले. इतके दिवस त्या मुलांना जे विचारायला शिकवत होत्या, ते त्यांच्याच शाळेत ह्या माणसाला एकानंही विचारलं नव्हतं. मी तरी कुठं विचारलं होतं!

जयमालानं पदरानं डोळे पुसले, सरकून त्यांच्या समोर बसली आणि त्यांच्या तोंडाकडे बघत म्हणाली, "मी विचारते, भाऊ. त्या दिवशी तुम्ही फाटकावर का नव्हतात?"

तिला उत्तर माहीत होतं. आम्हा सगळ्यांना माहीत होतं. दत्तोबांनी ताट बाजूला सारलं, घसा साफ केला, आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.